बाळू की बाळासाहेब?

दादा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा वाटलं होतं, दोन एकर रान, आई, मी आणि दोघी बहिणी. भांडण नाही, तंटा नाही. वारस नोंदीला असा किती वेळ लागणार? ८ महिने लागले. त्यातले ७ नुसत्या नावात गेले.

सातबाऱ्यावर दादा 'बाळू', मृत्यू दाखल्यावर 'बाळासाहेब'. आजोबांच्या माघारी फेरफार (जमीन कुणाच्या नावावर गेली त्याची नोंद) घातला तेव्हा कुणीतरी घरचंच नाव सांगितलं असणार. पुढे आधार, बँक सगळीकडे बाळासाहेब. गावातलं शेंबडं पोरही सांगेल की माणूस एकच. पण अर्ज परत आला, 'नावात तफावत'. एका कारकुनानं तर गॅझेट करून आणा म्हटलं. मेलेल्या माणसाचं नाव बदलायला सही कुणाची घ्यायची, ते नाही सांगितलं! मी पुण्याहून रजा टाकून जायचो. कधी साहेब मीटिंगला, कधी निवडणुकीच्या ड्यूटीवर, कधी सर्व्हर डाउन. चौथ्या खेपेला माझा आवाज चढला. त्यानंतर महिनाभर फाइल हललीच नाही.

सुटलं ते विकास सोसायटीच्या सचिवांमुळे. त्यांनी जुनं कर्जखातं काढलं. त्यावर 'बाळू उर्फ बाळासाहेब', गट नंबर आणि दादांची सही. सोबत जुन्या फेरफाराची नक्कल, पोलीस पाटलांचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच इसमाची असल्याचं आईचं प्रतिज्ञापत्र जोडलं. मग १५ दिवसांची नोटीस निघाली, हरकत कुणाचीच नव्हती, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

तुमच्यावर वेळ आली तर आधी सातबारा आणि मृत्यू दाखला शेजारी ठेवून नाव जुळवा. कायद्यानं मृत्यूनंतर ३ महिन्यांत वारसांनी कळवायचं असतं. अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर घरूनही भरता येतो; कागद हातात दिलात तर पोच घ्याच. बहिणींची नावं गाळायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. त्यांना हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतरही होतं. आणि खरं तर हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं: वडील हयात असतानाच सातबाऱ्यावरचं नाव बघून घ्या. विषय काढायला जीभ रेटत नाही, माझीही रेटली नव्हती.

नव्या उताऱ्यात दादांच्या नावाला कंस झालाय, म्हणजे ते कमी झालंय, खाली आम्ही चौघं. फक्त धाकटीच्या नावातली वेलांटी चुकलीय. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज परवाच टाकला.