किल्ल्या कुठेत?

रात्रीचा दीड. मेकअप उतरवून दोन तास झाले, तरी कानामागे अजून रंग सापडतोय.

आजही एंट्रीला टाळी पडली. मालिका सुरू झाल्यापासून जवळपास प्रत्येक प्रयोगाला पडते. आवडते, खोटं कशाला बोलू! पण ती टाळी नाटकातल्या बाईला नसते. ती बिचारी नवऱ्याला हॉस्पिटलात कायमचं सोडून घरात शिरतेय, आणि समोर टाळ्या. त्या थांबेपर्यंत मी पर्समध्ये काहीबाही शोधत राहते. तेवढ्या चार-पाच सेकंदांत ती हातातून निसटते आणि तिला परत आणायला अर्धा प्रवेश जातो.

लिहायचं होतं ते वेगळंच. दुसऱ्या अंकात लोक सांत्वनाला जमलेत आणि ती मध्येच विचारते, "कपाटाच्या किल्ल्या कुठेत?" सुरुवातीच्या प्रयोगांत यावर दणकून हशा यायचा. मग ओसरायला लागला. मी वाक्याआधीचा पॉज वाढवला, भुवई उचलून पाहिली. आणखी ओसरला. परवा तर एकच माणूस हसला, तोही बहुतेक दया येऊन.

अमेरिकन नट आल्फ्रेड लंट यांचा एक किस्सा सांगतात. चहा मागण्याच्या वाक्यावरचा त्यांचा हशा असाच गेला. तेव्हा त्यांच्या पत्नी, अभिनेत्री लिन फाँटॅन म्हणाल्या, तू चहा मागतच नाहीस, हशा मागतोस. नव्या मुलांना हा किस्सा मी रंगवून ऐकवते. स्वतः मात्र किती प्रयोग हशा मागत फिरले कोण जाणे.

आज बॅकस्टेजच्या मुलाला म्हटलं, किल्ल्या नेहमीच्या जागी ठेवू नकोस, आणि कुठे ठेवल्यास तेही सांगू नकोस. सापडेचनात. वाक्य चिडून, जरा घाबरूनच बाहेर पडलं. क्षणभर शांतता. मग मागच्या रांगांतून हशा सुरू झाला आणि पुढे सरकत आला. कॅमेऱ्यासमोर हे नाही मिळत. तिथले प्रेक्षक कितीतरी पटींनी जास्त, पण त्यांचं साधं खोकणंही ऐकू येत नाही.

प्रयोगानंतर नेहमीची फोटोंची रांग. सगळे मालिकेतल्या नावानं हाका मारत होते. एक आजी बाजूला उभ्या होत्या, हातात फोन नव्हता. जवळ येऊन म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, तेव्हा मीपण आधी किल्ल्याच शोधत बसले होते."

नटानं आतून कोरडं राहावं, तरच रोज तेच करता येतं, असं फ्रेंच विचारवंत दिदरोनं अठराव्या शतकात मांडलंय. मला ते बरंचसं पटतं. पण त्या वाक्यावर लोक का हसतात हेच इतके दिवस कळलं नव्हतं, त्याचं काय? काही बोलायला सुचेना. आजींचा हात धरून उभी राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, इकडे बघा ना."

उद्या दुपारचा प्रयोग. किल्ल्या आणखी कुठेतरी ठेवायला सांगायला हवं, आजची जागा आता मला माहीत झाली.