गिअर 'पी'मधून हलेचना

आज आईला डोळे तपासायला न्यायचं होतं आणि ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर 'पी'मध्येच, म्हणजे पार्किंगच्या जागीच, घट्ट. इंजिन चालू, ब्रेक दाबलेला. शेजारचे काका मागे जाऊन म्हणाले, "अरे, ब्रेकलाइटच लागत नाहीयेत!" तिथेच उलगडा झाला. ब्रेक दाबल्याचा संदेश पेडलजवळचा स्विच देतो. तो संदेश पोचला नाही की शिफ्ट लॉक, म्हणजे लिव्हरला 'पी'मध्ये धरून ठेवणारं कुलूप, सुटत नाही. लहान मुलानं लिव्हर ओढला तरी गाडी सुटू नये म्हणून ही सोय, आणि ती हवीच. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं, त्याखाली हे लॉक हातानं सोडायचं बटण; तुमच्या गाडीत कुठे आहे ते बघून ठेवा. हँडब्रेक ओढला, पाय ब्रेकवरच ठेवून आतलं बटण दाबलं, लिव्हर सुटला. पण ब्रेकलाइटशिवाय आईला घेऊन रस्त्यावर? नाही. रिक्षा केली. संध्याकाळी मेकॅनिकनं घरी येऊन स्विच बदलला.