लिंबूटिंबू

नौपाड्यात आमची वाडी होती तेव्हा संध्याकाळी डबा ऐसपैस सुरू झाला की कुणीतरी ताई धाकट्या भावाला पुढे ढकलायची आणि जाहीर करायची, "हा लिंबूटिंबू हं!" म्हणजे तो लपणार, पळणार, गुडघे फोडून घेणार; पण सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. वाडीच्या जागी आता टॉवर आहे. बाराव्या मजल्यावर कंट्रोलर घेऊन मी बसतो, वय ४८, आणि नव्या व्हिडिओ गेम्सवर मतं ठोकतो. ग्राफिक्स वगैरेंवर बोलायला तरुण मंडळी आहेत. मी एवढंच बघतो, की या खेळात लिंबूटिंबूला घेतात का.

२०२२ चा 'एल्डन रिंग' घेत नाही. खेळ सोपा करायची सोयच नाही त्यात. उघड्यावर पाऊल टाकलं की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार गस्त घालत असतो. पहिल्याच संध्याकाळी मी त्याच्याकडून अकरा वेळा मेलो. पुतणी मागे उभी राहून चिवडा खात होती. शेवटी म्हणाली, "काका, त्याच्याशी भांडायलाच हवं का? बाजूने जा ना." गेलो. पुढे अफाट मुलूख पसरलेला. हिंडावं, तयार व्हावं, मग येऊन त्याचा हिशोब चुकता करावा. म्हणजे फाटक बंद, पण कुंपणाला भोक आहे.

'सिल्कसाँग'मध्ये ते भोकही बारीक. ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या माणसांनी केलेला हा उड्यामारीचा खेळ घोषणेनंतर साडेसहा वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात आला. चित्रं अशी की बघत राहावं. पण जीव म्हणून मिळणार सुरुवातीला पाच मुखवटे, आणि कितीतरी शत्रू एका फटक्यात त्यातले दोन नेणार! मेलात की मागे जिथे विसावलात त्या बाकापासून पुन्हा त्याच उड्या. मी रुसून सोडला. पुतणीने पूर्ण केला, हे सांगायला नको.

त्याच वर्षीचा फ्रेंच 'एक्स्पिडिशन ३३' मला आवडला, जरी त्याच्या कथेच्या नियमाने मी कधीच नाहीसा झालो असतो. तिथे दरवर्षी एक आकडा लिहिला जातो आणि त्या वयाची माणसं हवेत विरून जातात. लढाई पाळीपाळीने, पण शत्रूच्या पाळीत आपल्याला गप्प बसता येत नाही. बुद्धिबळात समोरच्याने प्यादं सरकवताना थप्पडही उगारावी आणि आपण ती नेमक्या क्षणी अडवावी, तसं. माझा हात उशिरा उठतो. खेळ सोप्या पातळीवर घेतला की उशिरा उठलेलाही चालतो, आणि कुणी हसत नाही.

'बाल्डर्स गेट ३'मध्ये तर वीस बाजूंचा फासा आहे. दान उलटं पडलं की आधी साठवून ठेवलेल्या जागी (म्हणजे जुन्या सेव्हवर) जाऊन पुन्हा टाकायचं, असं सर्रास करतात. आमच्या वाडीत याला रडीचा डाव म्हणत. मीही करतो.

आणि 'बॅलॅट्रो'. कॅनडातल्या एकाच माणसाने केलेला, नाव न सांगणाऱ्या. पोकरचे हात, म्हणजे पानांच्या ठरलेल्या जुळण्या, त्यावर १५० तऱ्हांचे जोकर, गुणांचा डोंगर. हरलात की सगळं पहिल्यापासून, कुणालाही सूट नाही. पण डाव लहान असतो. घोडबंदर रोडला माजिवड्याच्या सिग्नलला बस अडकली की एक सहज होतो, पावसाळ्यात दोन.

तो मोबाइलवर आईच्या हाती पडला. आई ७६ वर्षांची, मेंढीकोटात अजून कुणाला ऐकत नाही. मी फ्लश समजावू लागलो तर म्हणाली, "हे तीन पत्तीतलं कलर की! पाच पानांचं केलं म्हणून काय झालं?" जोकर मात्र तिला पटेनात. "इतके जोकर घेऊन खेळायचं, तर मग पत्ते कशाला?" तरी दुपारची झोप गेली. चष्मा नाकाच्या टोकावर आणि बोटाने पान असं दाबते की स्क्रीन फुटेल वाटावं. पुतणीने "आजी, मी सांगू?" म्हटलं की हात झटकते.

परवा दुधाच्या हिशोबाची वही उघडली, तर लिटरच्या आकड्यांखाली पेन्सिलीने लिहिलेलं: "बदाम ६ गेले, किलवर ४, इस्पिक ९." उरलेली पानं त्या गेममध्ये गड्डीवर बोट ठेवलं की दिसतात. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.