स्वस्तातला जुना फिल्म कॅमेरा निवडताना

गेल्या काही वर्षांत फिल्मवर फोटो काढण्याची हौस पुन्हा वाढली आणि तिच्या मागोमाग खिशात मावणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांचे भावही चढले. १९९० साली आलेला, टायटॅनियमच्या अंगाचा काँटॅक्स टी२ आज ज्या भावाने विकला जातो, त्या पैशांत उत्तम डिजिटल कॅमेरा घेता येतो. ज्यांना तो परवडतो त्यांनी तो खुशाल घ्यावा. प्रस्तुत लेख मात्र ज्यांच्या हाताशी पाच ते सात हजार रुपये आहेत आणि ज्यांना पस्तीस मिलिमीटरच्या रिळावर हात बसवून पाहायचा आहे, अशांसाठी आहे. मी स्वतः याच मर्यादेत कॅमेरा घेतला आणि तो शोधताना माझे मत पक्के झाले की, या किमतीत मॉडेलच्या नावलौकिकाला पैसे मोजू नयेत. समोर ठेवलेल्या त्या एका नगाची प्रकृती कशी आहे आणि उद्या तो बिघडला तर कोणी तो उघडून नीट करू शकेल का, एवढेच पाहावे.

याचे एक कारण रोकड्या हिशोबाचे आहे. कॅमेऱ्याची किंमत एकदाच द्यावी लागते; रीळ, ते धुण्याचा खर्च आणि स्कॅनिंग यांचे पैसे मात्र दर छत्तीस फोटोंमागे मोजावे लागतात आणि रंगीत रिळाच्या बाबतीत हा आकडा हजाराच्या वर सहज जातो. त्यामुळे सगळी पुंजी कॅमेऱ्यात ओतून वर्षभर दोन रिळे काढण्यापेक्षा, साधा कॅमेरा घेऊन उरलेल्या पैशांची रिळे घेणे शहाणपणाचे ठरते. काटकसर आणखी पुढे न्यायची असेल, तर एका चौकटीच्या जागेत दोन फोटो घेणारे ऑलिंपस पेन मालिकेतील कॅमेरे पाहावेत. ऑलिंपसचे कॅमेरा-रचनाकार योशिहिसा माइतानी यांनी १९५९ साली आणलेल्या या मालिकेत छत्तीसच्या रिळावर बहात्तर फोटो निघतात. अशा अर्ध्या चौकटींच्या स्कॅनिंगचे पैसे वेगळे लावतात का, हे मात्र आधी आपल्या स्टुडिओत विचारून घ्यावे.

आता मॉडेलांकडे वळू. सर्वाधिक मागणी असते ती ऑलिंपस म्यू टू या १९९७ सालच्या कॅमेऱ्याला. त्याचे ३५ मिलिमीटर एफ/२.८ भिंग (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे) खरोखरच धारदार आहे आणि तो शर्टाच्या खिशात बसतो, यात वाद नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या कॅमेऱ्यात जवळजवळ सर्व काही इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चालते. ती पट्टी गेली किंवा आतली मोटर बसली, तर दुसऱ्या मेलेल्या म्यूचे सुटे भाग काढून लावण्यावाचून उपाय नसतो आणि बहुतेक कारागीर त्या भानगडीत पडत नाहीत. शिवाय प्रत्येक वेळी कॅमेरा उघडला की फ्लॅश आपोआप पूर्ववत स्वयंचलित होतो आणि नको असताना समोरच्याच्या डोळ्यांवर लखकन पडतो. रिळाचा वेग, म्हणजे ते प्रकाशाला किती चटकन दाद देते हे सांगणारा आयएसओचा आकडा, हाताने ठरवण्याची सोयही नाही; डब्यावरील चौकोनांची खूण वाचून तो स्वतः ठरवतो आणि खूण नसलेले रीळ आयएसओ १०० धरून चालतो.

झूम असलेल्या प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते मुबलक व स्वस्त मिळतात, परंतु झूम पुढे सरकवताच भिंगाचे तोंड एफ/८ किंवा त्याहूनही आखडते आणि मग आयएसओ २०० च्या रिळावर संध्याकाळचे सगळे फोटो एकतर हललेले येतात, नाहीतर फ्लॅशने पांढरे पडतात. झूम न करता वापरणार असाल तरच घ्यावेत.

स्वयंचलित फोकस हवाच असेल, तर माझ्या मते निकॉन एल३५एएफ हा १९८३ सालचा कॅमेरा अधिक विश्वासाचा आहे. तो अंगाने ठोकळेबाज आहे, पण किराणा दुकानात मिळणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर चालतो, रिळाचा वेग हाताने लावता येतो आणि ३५ मिलिमीटर एफ/२.८ चे भिंग म्यूच्या भिंगाला हार जाणारे नाही. म्यूला लागणारा सीआर१२३ए सेल महाग आणि लहान गावात मिळवायला कठीण, हा मुद्दाही आपल्याकडे गौण नाही.

तरीही प्रथमच घेणाऱ्याला मी दोनच नावे सुचवीन आणि दोन्ही ऑलिंपसचीच आहेत. पहिले ट्रिप ३५. १९६७ ते १९८४ अशी सतरा वर्षे हा कॅमेरा तयार होत राहिला. त्याला सेल लागतच नाही. भिंगाभोवती जी खडबडीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कडी दिसते, तिच्यामागे सेलेनियमचा पत्रा असतो. त्यावर प्रकाश पडला की थोडी वीज निर्माण होते, तिच्यावर एक काटा हलतो आणि तो काटा भिंगाचे तोंड किती उघडायचे व शटर १/४० सेकंदाचे ठेवायचे की १/२०० सेकंदाचे, हे ठरवतो. प्रकाश अपुरा असेल तर दर्शकात लाल पट्टी वर येते आणि बटण दाबले जात नाही. म्हणजे रीळ वाया जाण्यापूर्वीच कॅमेरा हात धरतो. अंतर लावण्यासाठी एक माणूस, दोन माणसे, घोळका आणि डोंगर अशी चार चित्रे आहेत. ४० मिलिमीटर एफ/२.८ चे भिंग असूनही दिवसाउजेडी या चार टप्प्यांवर फोकस सहसा चुकत नाही, कारण भरपूर उजेडात भिंगाचे तोंड बारीक होऊन मागचे-पुढचे सर्वच बऱ्यापैकी स्पष्ट येते.

दुसरे नाव एक्सए२. हाही माइतानींच्या एक्सए कुळातला, १९८० सालचा. पुढचे सरकते झाकण बाजूला केले की कॅमेरा सुरू होतो आणि मिटले की अंतराची खूण आपोआप मधल्या टप्प्यावर येते, ही युक्ती मला फार आवडते. घाईत उघडून फोटो काढला तरी दोन-अडीच पावलांपासून पुढचे बरेचसे हाती लागते. त्याचे ३५ मिलिमीटर एफ/३.५ भिंग ट्रिपच्या भिंगापेक्षा थोडे मंद आहे, पण शटर दोन सेकंदांपर्यंत उघडे राहू शकत असल्यामुळे कमी प्रकाशातही तो अडून बसत नाही. दुर्बलता एवढीच की, तो एलआर४४ जातीच्या दोन सेलांवर अवलंबून आहे आणि त्याचे लाल, चपटे, नुसत्या स्पर्शाने चालणारे शटरबटण वयोमानाने बहिरे होते. विकत घेताना ते बटण लागोपाठ बरेचदा दाबून पाहावे. एखाददुसऱ्या वेळी जरी त्याने दाद दिली नाही, तरी तो नग सोडून द्यावा.

कॅनोनेट क्यूएल१७ किंवा रोलाय ३५ यांचाही मोह होतो, कारण ते धातूचे, देखणे आणि हातात भरणारे आहेत. चांगल्या अवस्थेत ते आपल्या मर्यादेत क्वचितच बसतात, आणि त्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवले होते, जे आता तयारच होत नाहीत. साधा अल्कलाइन सेल घातला तर मापन चुकते. श्रवणयंत्रासाठी मिळणारा ६७५ क्रमांकाचा सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि एखादी चकती लावून तो बसवताही येतो, मात्र वरची चिकटपट्टी काढल्यावर तो काही आठवड्यांतच उतरतो.

बाजारात जाण्यापूर्वी नातेवाइकांच्या घरचे माळे अवश्य शोधावेत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मुंज, लग्न आणि सहली ज्यांनी टिपल्या, त्या याशिका एमएफ-२ आणि कोडॅक केबी१० सारख्या कॅमेऱ्यांची संख्या मोठी आहे व त्यांतले बरेच अजून चालू आहेत. अंतर लावण्याची सोय नसल्यामुळे जवळचे चेहरे किंचित मऊ येतात, पण भर उन्हात त्यांचे काम समाधानकारक असते आणि मुख्य म्हणजे ते फुकट असतात. अशा अनेक साध्या कॅमेऱ्यांत रीळ नसताना बटण दाबले तरी शटर पडत नाही, म्हणून काही जण ते बिघडलेले समजून भंगारात देतात. मागचे झाकण उघडून, ज्या दातेरी चाकात रिळाची भोके अडकतात ते चाक अंगठ्याने फिरवावे. आत टक्‌ असा बारीक आवाज होऊन शटर ताणले जाते आणि मग बटण दाबून तपासता येते.

बाजारातून घ्यायचा असल्यास मुंबईत फोर्टमधला बोरा बाजाराचा परिसर आणि पुण्यात रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार ही पाहण्यासारखी ठिकाणे आहेत. पहिल्या ठिकाणी भाव चढे असतात, पण दुरुस्ती जाणणारी माणसे जवळपास भेटतात. दुसऱ्या ठिकाणी घासाघीस भरपूर चालते आणि खात्री कसलीच नसते. इंटरनेटवरच्या जाहिरातीत ‘तपासलेला नाही’ असे लिहिले असेल, तर तो तपासून झालेला आहे आणि चालत नाही, असेच मी धरतो. ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याला एक पेन्सिल सेल घालून पाहणे अवघड नसते.

तपासणीला जाताना माझ्या पिशवीत एक लहान टॉर्च, नवे सेल आणि धुताना वाया गेलेले एक जुने रीळ असते. सर्वप्रथम भिंग पाहावे, कारण आपल्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, कॅमेऱ्याचा खरा वैरी बुरशी हाच आहे. टॉर्चचा झोत तिरका टाकून भिंगात डोकावले की कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे कडेपासून आत पसरलेले दिसतात. मधोमध धुळीचे दोन-चार कण दिसले तर त्यांनी काही बिघडत नाही, परंतु धागे दिसले की कॅमेरा परत ठेवावा. बुरशी पुसता येते, पण ती फार काळ राहिली तर काचेवरचा लेप खाते आणि तो डाग कायमचा राहतो. एक्सए२ असेल तर प्रकाश मोजणारी छोटी खिडकी बोटाने झाकून, मागचे झाकण उघडे ठेवून बटण दाबावे. शटर क्षणभर उघडे राहते आणि तेवढ्यात भिंग आरपार पाहता येते.

ट्रिपमध्ये भिंगाभोवतीची कडी ‘ए’ वर ठेवून, तळहाताने भिंग झाकून बटण दाबावे. लाल पट्टी वर यायला हवी. मग खिडकीकडे रोखून दाबावे. आता शटर पडायला हवे. या दोन्ही कसोट्या उतरल्या तर सेलेनियम जिवंत आहे. त्यानंतर खोलीतल्या दिव्याकडे कॅमेरा धरून, मागून पाहत, कडी एकदा एफ/२.८ वर आणि एकदा एफ/२२ वर ठेवून बटण दाबावे. प्रकाशाचा ठिपका दोन्ही वेळा सारखाच दिसला तर भिंगाचे तोंड लहानमोठे करणाऱ्या पात्यांवर तेल चढून ती चिकटली आहेत असे समजावे. हा ट्रिपचा नेहमीचा आजार आहे आणि कारागीर तो बरा करतात, मात्र त्याचे पैसे किमतीतून वजा करून घ्यावेत.

मागच्या झाकणाच्या खाचेत, उजेड आत शिरू नये म्हणून, काळा स्पंज असतो. बोट लावल्यावर तो डांबरासारखा चिकटला तर घाबरू नये. तो काढून नवा लावणे घरी दुपारभरात जमते, फक्त भाव करताना त्याचा उल्लेख जरूर करावा. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर दिसला आणि तो वरवरचा असला, तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो. तारेपर्यंत पोचला असेल तर निघत नाही. फ्लॅश चार्ज होताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो यायलाच हवा. पण फ्लॅश असलेला कॅमेरा स्वतः उघडण्याच्या फंदात कोणीही पडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. शेवटी वाया गेलेले रीळ घालून ते पुढे सरकते का आणि परत गुंडाळले जाते का, हे पाहावे. हा भाग बहुतेक जण गाळतात आणि विक्रेत्यालाही तो गाळलेला आवडतो.

कॅमेऱ्याबरोबर चामड्याचे जुने आवरण मिळाले तर ते वेगळे ठेवावे. चामडे ओल धरून ठेवते आणि पावसाळ्यात बुरशीला आयते घर मिळते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्याव्यात. पहिले रीळ आयएसओ २०० चे घ्यावे आणि प्रत्येक फोटोचे अंतर, प्रकाश व चित्राची खूण वहीत लिहावी. रीळ धुऊन आल्यावर नारिंगी पट्टे दिसले तर स्पंज बदलायचा, चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर रीळ सरकवणारी यंत्रणा दाखवायची आणि उन्हातले फोटोही फिकट व जळालेले असतील तर पाती. कारागिराकडे वही आणि निगेटिव्ह दोन्ही न्यावीत, म्हणजे त्याला कॅमेरा उगाच सगळा उघडावा लागत नाही.