बाबांची लघवीची नळी : घरी काढलेले १४ दिवस

गेल्या पावसाळ्यात, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी, एका रात्री बाबांची लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखे कडक झाले होते आणि बाबांना धड बसवतही नव्हते. रुग्णालयात नळी घालताच थोड्याच वेळात ९०० मिलिलिटर लघवी बाहेर आली, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीने मूत्रमार्ग दाबला गेला होता. डॉक्टरांनी ग्रंथीजवळचे स्नायू सैल करणारी गोळी सुरू केली आणि नळी दोन आठवडे ठेवायची, असे सांगून आम्हाला घरी पाठवले.

ती १६ क्रमांकाची फोली कॅथेटर होती. या क्रमांकाला ३ने भागले की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे ती जेमतेम सव्वापाच मिलिमीटर जाड होती. तिच्या टोकाजवळचा फुगा मूत्राशयात गेल्यावर निर्जंतुक पाण्याने फुगवतात, म्हणून ती निसटत नाही. हे समजल्यावर, नळीला हिसका बसला तर आत केवढी इजा होईल, या विचाराने मी ती मांडीला चिकटपट्टीने नीट बांधू लागले.

चौथ्या रात्री २ वाजता बाबांनी हाक मारली. पोट पुन्हा दुखत होते आणि नळीला जोडलेली लघवीची पिशवी संध्याकाळी रिकामी केली होती तशीच होती. मी घाबरले, पण रुग्णालयात फोन करण्याआधी नळीवरून शेवटपर्यंत हात फिरवला, तर ती मांडीखाली दबून दुमडलेली सापडली. सरळ करताच लघवी वाहू लागली.

दुसरी चूक माझीच होती. बाबांना तपासणीसाठी रिक्षात बसवताना मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. सिस्टरांनी ते पाहून लगेच समजावले की पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच हवी, नाहीतर साठलेली लघवी उलटी फिरून जंतुसंसर्ग होऊ शकतो. मात्र ती जमिनीला टेकता कामा नये, आणि नळी व पिशवीचा सांधा उगाच उघडू नये. त्यानंतर पिशवी पलंगाच्या कडेला आकड्यावर लटकू लागली आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तिला कोणी हात लावेनासे झाले. आईने हा नियम माझ्यापेक्षाही काटेकोरपणे पाळला.

१४व्या दिवशी सिस्टरांनी सिरिंजने फुग्यातले पाणी काढून नळी अलगद बाहेर घेतली. आम्ही तिथेच थांबलो. दोन तासांनी बाबांना आपणहून लघवी झाली आणि सोनोग्राफीत मूत्राशयात ४० मिलिलिटरच शिल्लक दिसली.