टोकियोहून: येणाऱ्या सिनेमांचे कागद

इथल्या थिएटरात शिरलं की तिकिटाच्या यंत्राआधी माझे पाय भिंतीकडच्या मांडणीकडे वळतात. तिथे वहीच्या पानाएवढे रंगीत कागद खणाखणांत रचलेले असतात. एका कागदावर एक सिनेमा, आणि त्यातले बहुतेक अजून लागलेलेच नसतात. कुणी पुढच्या महिन्यात येणार, कुणी थेट हिवाळ्यात. पुढच्या बाजूला पोस्टर, मागे गोष्टीची तोंडओळख, कलाकार, दिग्दर्शकाची आधीची कामं आणि तारीख. याला 'चिराशी' म्हणतात. फुकट मिळते.

पहिल्या वर्षी मला जपानी वाचता येत नव्हतं, तरी मी चिराशी घरी आणायचे. मिरजेत लहानपणी गुरुवारी संध्याकाळी सायकलच्या हँडलला खळीचा डबा अडकवून एक काका यायचे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी उद्याच्या सिनेमाचं पोस्टर चिकटवायचे. जुन्या पोस्टरवरच नवं. पावसाळ्यात ते थर सुटले की खालचे तीन-चार सिनेमे एकदम दिसायचे. नव्या सिनेमाची चाहूल माझ्यासाठी कागदातूनच लागते, ती सवय तेव्हाची.

जपानमध्ये परदेशी सिनेमा उशिरा येतो, हे आधी मला फार जड गेलं. 'ओपनहायमर' जगभर जुलै २०२३ मध्ये लागला, इथे २९ मार्च २०२४ ला. अणुबॉम्ब सोसलेल्या देशात त्या विषयाला वेळ लागला, हे समजण्यासारखं आहे. पण साधे, घरगुती सिनेमेही वाट पाहायला लावतात. 'इंग्लिश विंग्लिश' आपल्याकडे २०१२ साली आला, इथे २०१४ मध्ये. शशी गोडबोलेला इथल्या लोकांनी 'मॅडम इन न्यूयॉर्क' या नावाने ओळखलं. मुंबईच्या डब्यांची गोष्ट सांगणारा 'द लंचबॉक्स' त्याच वर्षी आला आणि त्याच्या जपानी नावात 'बेंतो' आला, म्हणजे इथला डबा. ते नाव मला मूळ नावाहून जास्त आवडतं. इथल्या आया पहाटे उठून मुलांचे डबे भरतात. त्यांना त्या सिनेमाबद्दल वेगळं काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

पण आज मला मुख्यतः 'कोकुहो'बद्दल लिहायचं आहे. 'कोकुहो' म्हणजे राष्ट्राचा ठेवा. ली सांग-इल यांचा हा सिनेमा ६ जून २०२५ ला इथे लागला. काबुकी या जुन्या नाट्यप्रकारात १६२९ पासून बायकांना रंगमंचावर बंदी आली, आणि पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची 'ओन्नागाता' ही परंपरा घडली. नागासाकीतल्या एका याकुझाचा, म्हणजे गुंडटोळीतल्या माणसाचा, अनाथ झालेला मुलगा ओसाकाच्या काबुकी घराण्यात येतो. त्या घरचा मुलगा रक्ताचा वारस, हा बाहेरचा. दोघं एकत्र शिकतात, एकत्र नाचतात, आणि मग घराण्याचं नाव कुणाला मिळणार हा प्रश्न उभा राहतो. र्यो योशिझावा आणि र्युसेई योकोहामा या दोन नटांनी त्यासाठी सुमारे दीड वर्ष काबुकीचं शिक्षण घेतलं. पडद्यावर त्यांचे हात पाहा. मानेचा कोन, बाहीत लपलेली बोटं, पाऊल उचलण्याआधी गुडघ्यात घेतलेला भार, सगळ्यातून ते शिक्षण दिसतं.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा थिएटर अर्धं भरलं होतं. जवळपास तीन तास, मध्यंतर नाही. इथे मध्यंतर नसतंच. शेवटची नामावली संपून दिवे लागेपर्यंत कुणी उठत नाही, हे नेहमीचंच. त्या दिवशी मात्र दिवे लागल्यावरही शेजारच्या आजी तशाच बसून होत्या, हातातला रुमाल घडी करत.

आणि मला माझी आजी आठवली. मिरजेत बालगंधर्वांचं नाव वेगळ्या सुरात घेतात. १९०५ साली नारायणराव राजहंस याच गावात शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. आजीने त्यांना पाहिलं नव्हतं, तिच्या आईने पाहिलं होतं. पदर कसा घ्यायचा, नथ कुठल्या बाजूने चमकली पाहिजे, हे बायका नाटकाला जाऊन गंधर्वांकडून शिकायच्या, असं पणजी सांगायची म्हणे. १९११ मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली की त्यावर बोलायची गरज राहिली नाही. 'कोकुहो'मध्ये कलेपायी माणूस काय काय हातातून सोडतो ते पाहताना मला त्या घरातलीच गोष्ट ऐकल्यासारखं झालं. परदेशात राहून परका सिनेमा इतका आपला कधी वाटला नव्हता.

पुढे जे झालं, त्यासाठी ही पोस्ट लिहितेय. पहिल्या आठवड्यात 'कोकुहो' तिसऱ्या क्रमांकावर होता. दुसऱ्या आठवड्यात गर्दी वाढली, तिसऱ्यात आणखी. लोक एकमेकांना सांगत गेले. ऑगस्टमध्ये त्याने १,००० कोटी येनचा टप्पा ओलांडला आणि नोव्हेंबरमध्ये १,७३५ कोटी येनचा जुना विक्रम मोडला. अ‍ॅनिमेशन सोडून, खऱ्या नटांच्या जपानी सिनेमांमधला हा विक्रम २००३ पासून एका पोलिसी सिनेमाच्या नावावर होता. मी शेवटचा, म्हणजे चौथ्यांदा, डिसेंबरमध्ये पाहिला. जूनचा सिनेमा डिसेंबरमध्ये! तिकीट तेच, २,००० येन, आणि थिएटर या खेपेला भरलेलं.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी मी पंधरा दिवस घरी आले होते. १२ सप्टेंबरला 'दशावतार' लागला होता. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री, कोकणातला रंग फासलेला तो चेहरा, दशावतारी खेळ. तिथेही पुरुषच लुगडी नेसून उभे राहतात. त्या वर्षात दोन देशांतले दोन सिनेमे जुन्या रंगभूमीच्या कलावंताकडे वळले, याचा मला फार आनंद झाला. आईबरोबर पाहिला. तिला उशिराचा खेळ झेपत नाही, म्हणून संध्याकाळचा शोधला. आणखी एका मराठी सिनेमालाही जायचं ठरवलं होतं. त्याचा शुक्रवारी दिसलेला संध्याकाळचा खेळ सोमवारी सकाळी साडेदहाचा झाला आणि बुधवारी गायबच झाला. नोकरीवाल्या माणसाने कधी पाहायचा? ज्याने पाहिला, त्याने दुसऱ्याला सांगेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो. 'कोकुहो'ला जर पहिल्या सोमवारनंतर सकाळचे खेळ दिले असते, तर तो तिसऱ्या क्रमांकावरच संपला असता. मला याचं खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे चांगले सिनेमे बनतात. त्यांना दुसरा आठवडा मिळत नाही.

आता पुढचं. सध्या माझ्या चिराशींच्या फायलीत सगळ्यांत वर 'गॉडझिला मायनस झिरो' आहे. ३ नोव्हेंबर २०२६, मंगळवार. एरवी इथे सिनेमा शुक्रवारी लागतो, पण पहिला गॉडझिला १९५४ मध्ये ३ नोव्हेंबरलाच आला होता आणि २०२३ चा 'मायनस वन'ही त्याच तारखेला. त्या दिवशी इथे सुट्टीही असते. 'मायनस वन'मध्ये राक्षसाइतकीच युद्धातून परतलेल्या माणसाची शरम मोठी होती, म्हणून पुढच्या भागाकडून माझ्या अपेक्षा आहेत. तिकडे रितेश देशमुखच्या 'राजा शिवाजी'ची १ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. महाराष्ट्र दिन आणि शुक्रवार दोन्ही एकत्र. आम्हा मराठी मंडळींत आत्तापासूनच चर्चा आहे. एखाद्या थिएटरचा एक पडदा एका खेळापुरता भाड्याने घेऊन आम्ही याआधीही सिनेमे पाहिले आहेत. घरून आणलेल्या चकल्या बाहेर लॉबीत उभं राहून खायच्या आणि मग आत जायचं.

पण मी ज्याची सगळ्यांत आतुरतेने वाट पाहतेय तो रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ मध्ये जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा मराठी सिनेमा. सप्टेंबरच्या त्या पंधरा दिवसांत माझी आणि त्याची वेळ जुळली नाही. इथली छोटी थिएटरं अशा सिनेमांना जागा देतात. प्रत्येक वेळी मांडणीसमोर उभी राहिले की मी खण नजरेने चाळते. त्याची चिराशी अजून हाती लागलेली नाही. लागली की दोन घेईन, एक फाईलसाठी आणि एक आईला पाठवायला. 'कोकुहो'ची तिने देव्हाऱ्याशेजारी आजीच्या फोटोखाली लावली आहे.