एसएमपीएसचा तांबडा स्विच

जळालेले एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारे डबे, माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येतच असतात. वळवाचा पहिला पाऊस झाला की जरा जास्तच. बहुतेकांना उघडायचीही गरज पडत नाही, हातात घेतला की वजनावरून आणि वासावरून निम्मं कळतं. पण गेल्या हिवाळ्यात पलूसकडच्या एका वस्तीवरून आलेला एसएमपीएस मी अजून भंगारात टाकलेला नाही. तो उडाला कसा हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ज्या माणसाच्या सल्ल्यानं तो उडाला तो किती चुकला, हे मात्र अजून ठरवता येत नाही.

पोरगा विशीतला. लग्नाचं शूटिंग घेतो आणि एडिटिंग घरीच करतो. कॉम्प्युटर स्वतः जुळवलेला. प्रोसेसर रायझन 5 5600G, बोर्ड, रॅम, एसएसडी, सगळं रात्ररात्र व्हिडिओ बघून, दर ताडून घेतलेलं. त्यातल्या प्रत्येक वस्तूबद्दल तो मला चार गोष्टी सांगू शकत होता. एसएमपीएस कुठला, तर म्हणाला, "तो कॅबिनेटबरोबरच आला." हे वाक्य मी सांगलीत रोज ऐकतो. हजारोंचा माल ज्याच्यावर चालणार तो डबा फुकटात आला, याचं लोकांना कौतुकच वाटतं.

तक्रार अशी होती, की दिवसा मशीन झकास चालायचं आणि रात्री रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढायचं जड काम, लावला की अर्ध्यात रिस्टार्ट. तालुक्याच्या एका दुकानात दोनदा नेलं. तिथं विंडोज नव्यानं टाकलं, मग रॅम बदलली, आणि दोन्ही वेळा "आमच्याकडं तर चालतंय" म्हणून परत दिलं. चालणारच. दुकानात 230 व्होल्ट येतात. रोग घरात आणि तपासणी बाजारपेठेत, मग सापडणार काय? आमच्या धंद्यात हे फार चालतं. घरी वीज कशी येते, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

शेवटी गावातल्या वायरमननं बघितलं. सॉकेटमध्ये मीटर घातला, व्होल्टेज पडलेलं दिसलं. एसएमपीएसच्या मागं तांबडा स्विच होता, त्यावर 230 आणि 115 असं लिहिलेलं. त्यानं तो 115 वर सरकवला. आणि मशीन चालायला लागलं! त्या रात्री रेंडर पूर्ण झाला. पहाटे मळ्यातल्या मोटारी बंद झाल्या आणि खोलीत बार उडाल्यासारखा आवाज झाला. पोरगा तिथंच झोपला होता.

मी झाकण काढलं तेव्हा आत कॅपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीच्या, कागदाचा भुगा पसरला होता आणि दोन मोठ्या कॅपॅसिटरपैकी एकाचं डोकं फाटून वर आलं होतं. दोन्हींवर 200 व्होल्ट छापलेलं. फ्यूज काळा पडलेला, म्हणजे निदान तो तरी खरा होता. जिथं मेन्सचा, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेचा, फिल्टर असायला हवा तिथं गुंडाळीच्या जागी दोन तारा सरळ सोल्डर करून दिलेल्या, आणि बोर्डावर फिल्टर कॅपॅसिटरची नावं छापलेली, पण जागा रिकाम्या. व्होल्टेजची उसळी अडवणारा व्हेरिस्टर नाही. बाहेर मोठ्या अक्षरात 500 वॅट. आतला तक्ता वाचला तर 12 व्होल्टच्या ओळीत 16 अँपिअर, म्हणजे 192 वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही 12 व्होल्टवरच जगतात, त्यामुळं बाकीच्या ओळींच्या बेरजेनं फुगवलेल्या 500 ला काही अर्थ नाही. गिऱ्हाईक पुढचा आकडा वाचतं. तक्ता कोणी वाचत नाही, विकणाराही नाही.

आता तांबड्या स्विचचं. 230 वर ठेवला की मेन्सच्या लाटेचं शिखर, म्हणजे 230 च्या साधारण 1.41 पट, 325 व्होल्ट, त्या दोन कॅपॅसिटरमध्ये निम्मं निम्मं वाटलं जातं. 115 वर ठेवला की सर्किट दुपटीचं होतं आणि प्रत्येक कॅपॅसिटरला मेन्सचं पूर्ण शिखर मिळतं. अमेरिकेच्या 120 व्होल्टवर हे बरोबर आहे. पोरग्यानं त्या रात्रीचा मीटरचा फोटो काढून ठेवला होता, त्यात 138 दिसत होते. 138 चं शिखर 195. कॅपॅसिटर 200 चे. म्हणजे मोटारी चालू होत्या तोवर वायरमनचा हिशेब पाच व्होल्टांच्या अंतरानं का होईना, बसत होता! मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज 230 ला आलं, 200 च्या कॅपॅसिटरवर 325 चढले आणि संपलं.

हा हिशेब पाटीवर खडूनं मांडला तेव्हा मी जरा गप्पच झालो. तालुक्याच्या दुकानातल्या सर्टिफिकेटवाल्या मुलांना जे सुचलं नाही, ते या दहावी पास माणसाला सुचलं. रोग त्यानं बरोबर ओळखला, औषधही त्या घटकेपुरतं बरोबर दिलं. पण आपल्याकडं शेतीच्या लाईनवर व्होल्टेज एका जागी थांबत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? हेच मला उलगडत नाही.

त्या वस्तीची अडचण आमच्या भागात नवी नाही. गावठाणाला वेगळा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून येणारी वेगळी लाईन, पण मळ्यातली घरं शेतीपंपांच्या लाईनवर. थ्री फेज पाळीपाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. स्टार्टरला ऑटोस्विच लावलेले, त्यामुळं लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात. महावितरण सांगून थकलं, की ऑटोस्विच काढा, मोटारीला कॅपॅसिटर लावा. ऐकतो कोण? रात्री दोनला उठून स्टार्टर दाबायला कोण जाणार, हेही खरंच आहे म्हणा.

नशीब म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, एसएसडी सगळं वाचलं. उडालं ते मेन्सच्या बाजूला, डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडं. पोरग्याला तेवढ्यात आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड पण टाकायचं होतं. मग नवा एसएमपीएस निवडायला बसलो. वडील म्हणाले, "साहेब, हजार वॅटचा द्या, परत कटकट नको." मी बेरीज दाखवली. कार्ड 170 वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त 88, बाकी सगळं मिळून 40-50. तीनशेच्या आसपास. कार्ड क्षणभर उसळी मारतं त्याला जागा ठेवली तरी 550 चा चांगला डबा पुरतो. कार्ड बनवणारी कंपनीही 550 च सांगते. हजारचा घेऊन 138 व्होल्टचा रोग बरा होत नाही.

पोरग्याला 80 प्लसचा बिल्ला ब्राँझ की गोल्ड याची चिंता. हा बिल्ला म्हणजे किती वीज उष्णतेत वाया जाते याचा दाखला. तो प्रयोगशाळेत, पक्क्या व्होल्टेजवर, 23 अंशांच्या आसपास मिळतो. मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, 138 व्होल्टवर तो काय करेल, याबद्दल बिल्ला बोलत नाही. मी त्याला तक्त्यातली वेगळीच ओळ वाचायला लावली. इनपुट. तिथं 100-240 पाहिजे. नावाजलेल्या कंपन्यांचेसुद्धा स्वस्तातले काही मॉडेल फक्त 200-240 चे असतात. खोकं तसंच, बिल्ला तसाच, आणि आपल्या वस्तीवर उपयोग शून्य.

100-240 वाल्यात ॲक्टिव्ह पीएफसी नावाचा भाग असतो. मेन्स 138 असो की 230, तो आतला डीसी स्वतःच 380-390 व्होल्टवर उचलून धरतो. फायदा दुहेरी. मशीन कमी व्होल्टेजवर चालतं, आणि वीज क्षणभर चुकली तर आतला साठा तेवढाच भरलेला राहतो. एटीएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या असल्या डब्यांच्या, नियमात हा दम साधारण 16-17 मिलिसेकंदांचा धरलाय. आपल्या 50 हर्ट्झच्या एका आवर्तनापेक्षा थोडा कमी. वडिलांचा जीव स्टॅबिलायझरमध्ये अडकला होता. पण स्टॅबिलायझरचा रिले टप्पा बदलतो तेव्हाही मध्ये काही मिलिसेकंद लाईन तुटतेच, आणि मोटारी उठताना तो टकटक करत राहतो. स्वस्त डब्यात आधीच साठा कमी, तो नेमका तिथंच मान टाकतो.

माझ्या टेबलाखाली व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा जुना डिमरस्टॅट आहे आणि एका फळीवर गाडीच्या हेडलाईटचे 55 वॅटचे पाच बल्ब. नवा एसएमपीएस मी आधी सिरीज लॅम्पवर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, चालू करतो, मग हिरवी वायर काळीला जोडून 12 व्होल्टवर एकेक बल्ब वाढवतो. दाखवायला ठेवलेला लोकल डबा होता. 230 वरच तिसऱ्या बल्बाला त्याचे 12 चे 11.3 झाले, नियमानं 11.4 च्या खाली जाता कामा नये. डिमरस्टॅट 180 वर आणला आणि तो डबा मेला. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवलेला 550 चा, 12 व्होल्टवर 45 अँपिअर छापलेला, लावला. पाचही बल्ब, डिमरस्टॅट 135 वर. 11.97. बापलेक दोघंही मीटरकडं बघत राहिले. हा खेळ दाखवायला मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

बसवायला मी स्वतः वस्तीवर गेलो. वायरमनला मुद्दाम बोलावून घेतलं. पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला तात्या म्हणतात. मी फाटका कॅपॅसिटर त्याच्या हातात दिला आणि हिशेब सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हा स्विच हिकडं इकायच्या मालाला ठेवत्यात कशाला?" याला काय उत्तर देणार? एकच साचा, एकच बोर्ड, जिथं मागणी तिथं माल. 230 च्या देशात त्या स्विचचं काहीच काम नाही. दुकानात येणाऱ्या असल्या डब्यांचा स्विच मी 230 वर ठेवून एम-सील भरून टाकतो, ते त्याला सांगितलं.

रात्री थ्री फेज आली. बल्ब पिवळा पडला, पंखा रेंगाळला, मीटरवर 141. रेंडर चालूच. कमी व्होल्टेजला डबा जास्त करंट ओढतो, म्हणून प्लग आणि वायर हात लावून बघितली, जरा कोमट होती, बस्स. भिंतीवरच्या बोर्डातली जुनी बारीक वायर बदलायला तात्याला सांगून निघालो.

चार दिवसांनी वडिलांचा फोन. "साहेब, चांगला म्हणून घेतला आणि हा शॉक द्यायला लागला की ओ. जुना तसलं काय करत नव्हता." जुन्यात फिल्टरच नव्हता, तर झिणझिण्या येणार कुठून! फिल्टरचे दोन कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून कॅबिनेटला जोडलेले असतात. घराला अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज दिसतं. करंट अगदी थोडा, पण हाताला लागतो. उपाय एकच, अंगणात खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. हे तात्याचं काम. त्याला फोन केला, तो म्हणाला ऊस गेल्यावर करू.

ऊस जाऊन महिना झाला. पोरगा रबरी चप्पल घालून एडिटिंगला बसतो.